मल्टिपल मायलोमामध्ये पोखरलेली हाडे पुन्हा भरून येतात का? वडिलांना कॅल्शियम आणि दूध वाढवून द्यावे का?

वडिलांचे वय ६२, मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींच्या कॅन्सरचे, निदान महिन्यापूर्वीचे, दोन मणके दबलेले, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या व दूध वाढवा, असे तुम्ही लिहिले आहे. यातले शेवटचे वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसले, कारण आमच्या घरी हेच वाक्य पाच महिने चालले होते. तेव्हा आधी स्पष्ट सांगते : उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कॅल्शियमची एकही गोळी देऊ नका.

माझे वडील, आबा, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गुळाच्या अडत दुकानात चौतीस वर्षे दिवाणजी होते. तरुणपणी तालमीत कमावलेले अंग, त्यामुळे गुळाचा तीस किलोचा रवा, म्हणजे ढेप, सरकवायला त्यांनी कधी हमालाची वाट पाहिली नाही. दिवाळीनंतर गुळाचे सौदे सुरू झाले त्या वर्षी ते चौसष्ट वर्षांचे होते. एका सकाळी दहा किलोचा रवा काट्यावरून उतरवताना पाठीत काहीतरी कट्कन तुटल्यासारखे झाले आणि ते तिथेच गोणपाटावर बसले. सगळ्यांनी निदान केले की चमक भरली. दहा किलोच्या वजनाने या माणसाच्या पाठीत चमक का भरावी, हे त्या दिवशी कोणीही विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

थोरले काका दुसऱ्याच दिवशी त्यांना एका हाडवैद्याकडे घेऊन गेले. तेल लावून पाठ दाबताना उजव्या बाजूची बरगडी मोडली. ती मोडली हे आम्हाला फार नंतर, स्कॅनमध्ये कळले. तेव्हा फक्त ‘शीर मोकळी झाली’ असे सांगण्यात आले. पुढे एक साधा एक्स-रे झाला आणि त्यावर वयोमानाने झीज असा शेरा मिळाला. साध्या एक्स-रेमध्ये पोखरलेली जागा दिसायला त्या ठिकाणचे सुमारे तीस टक्के किंवा त्याहून अधिक खनिज आधीच गेलेले असावे लागते, हे मला आज माहीत आहे. त्या वेळी मात्र काकांनी सूत्रे हातात घेतली. हाडे कमजोर झाली आहेत म्हणजे कॅल्शियम कमी पडले आहे, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. सकाळी कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध, एक दिवसाआड मटणाच्या पायाचे सूप, औषधाच्या दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, आणि दुखले की वेदनाशामक गोळी. काकांनी हे सगळे स्वतःच्या पैशाने आणि जिवापाड मायेने केले, म्हणूनच त्यांना विरोध करणे कठीण होते.

माघात आईच्या लक्षात आले की आबांचा लेंगा जमिनीवर घासतो आहे. तिने शिवण उसवून तो दीड इंच वर घेतला आणि कापड सैल पडले असेल असे म्हणाली. कापड सैल पडले नव्हते. मणके दबून आबा दीड इंच बुटके झाले होते. त्यानंतर ते तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले, शौचास होईना, जेवण नकोसे झाले. आणि एका संध्याकाळी, ज्या माणसाने तोलाई, हमाली, अडत वजा करून शेतकऱ्याची पट्टी आयुष्यभर तोंडी केली, तो माणूस पेन्सिल घेऊन एकाच पट्टीची बेरीज तीन वेळा करत बसला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘आज वार कुठला गं?’’ त्या रात्री आम्ही त्यांना दवाखान्यात दाखल केले. रक्तातले कॅल्शियम १३.४, म्हणजे धोक्याइतके वाढलेले होते, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही वाढून २.९ झाले होते आणि हिमोग्लोबिन ७.८ वर उतरले होते. रक्तातली एकूण प्रथिने वाढलेली आणि त्यांतले अल्ब्युमिन हे नेहमीचे प्रथिन मात्र कमी, एवढ्या एका विसंगतीवरून तिथल्या फिजिशियन डॉक्टरांनी मायलोमाचा संशय घेतला. कवटीच्या एक्स-रेमध्ये पंचिंग मशीनने पाडावीत तशी गोल भोके होती.

आता तुमच्या घरच्यांना समजवायचे असेल तर हे सांगा. मायलोमामधील हाड उपाशी नसते, ते विरघळवले जात असते. आपल्या हाडात जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी आयुष्यभर एकमेकींच्या मेळाने काम करतात. अस्थिमज्जेतील बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी हा मेळच मोडतात. मायलोमाच्या पेशींमधून हाड खाणाऱ्या पेशींना चेतवणारा काही पदार्थ बाहेर पडतो, हे ग्रेगरी मंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले. पुढे त्या साखळीतील मुख्य दुवा सापडला : हाड खाणाऱ्या पेशींना चेतवणारे रँक-लिगँड हे प्रथिन. २००३ मध्ये अमेरिकेतील आर्कान्साच्या संशोधकांनी दुसरी बाजू उलगडली : या पेशी डीकेके-१ नावाचे प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना कामच करू देत नाहीत. म्हणजे पाडणारे दुप्पट जोमाने कामाला लागलेले आणि गवंडी घरी बसवलेले. अशा ठिकाणी अंगणात विटांचे ढीग ओतून भिंत उभी राहत नाही. आबांच्या रक्तात वाढलेले कॅल्शियम मुख्यतः त्यांच्याच मणक्यांतून, बरगड्यांतून सुटलेले होते. ते मूत्रपिंडांवर आणि मेंदूवर चढले होते आणि आम्ही बाहेरून त्यात भर घालत होतो. त्या वेदनाशामक गोळ्यांनीही मायलोमाने आधीच त्रस्त झालेल्या मूत्रपिंडांवर घाव घातला असणार.

काका आजही म्हणतात की ‘‘केमोच्या औषधांनी हाडे गेली, आम्ही तर हाडांसाठी सगळे केले होते.’’ मायलोमाच्या वैद्यकीय नोंदींतील अगदी सुरुवातीचे रुग्ण मी वाचले, तेव्हा मला काकांशी याच मुद्द्यावर बोलावेसे वाटले. लंडनचे व्यापारी थॉमस मॅकबीन १८४४ च्या सप्टेंबरमध्ये सहलीवर असताना एका भुयारातून उडी मारून वर आले आणि त्यांना छातीत काहीतरी तुटल्यासारखे वाटले. १८४६ च्या १ जानेवारीला ते वारले, तेव्हा त्यांच्या बरगड्या सुरीने सहज कापल्या जाव्यात इतक्या मऊ झालेल्या होत्या. त्याच काळातील सेरा न्यूबरी या बाईंना पतीने उचलून खाटेवर नेताना त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्या काळी केमो नव्हती. हाडे आजारानेच गेली होती, आणि आबांची बरगडीही केमोच्या पहिल्या इंजेक्शनाआधी सहा महिने मोडली होती.

भरून येतात का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मनाजोगे नाही. आजार पूर्ण आटोक्यात आला तरी पोखरलेल्या जागा बहुतेक वेळा तशाच राहतात, कारण बांधणाऱ्या पेशी लवकर जाग्या होत नाहीत. दबलेला मणका पूर्वीच्या उंचीला येत नाही. फार दुखत असेल तर निवडक रुग्णांत त्यात सिमेंट भरतात आणि त्याने वेदना चांगल्या कमी होतात. बोर्टेझोमिब हे औषध आजारावर चालतेच, शिवाय हाड बांधणाऱ्या पेशींना थोडी चालना देते असे आढळले आहे. बांधणीला अडवणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन रोखले तर मायलोमा झालेल्या उंदरांची हाडे भरतात आणि मजबूत होतात, हे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले आहे, पण उंदरातून माणसात यायला वेळ लागतो आणि तुमच्या वडिलांनी त्याची वाट पाहत बसू नये.

आज जे हातात आहे ते पुढची पडझड थांबवण्याचे, आणि ते लहान काम नाही. हाडांची ही पडझड रोखणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिड या औषधाची सलाईन म्हणजे वरखर्च, असे आमच्या घरी काकांनी म्हटले होते आणि पहिल्या चार महिन्यांनंतर ती बंद करा असा आग्रह धरला होता. ब्रिटनमधील १९६० रुग्णांच्या ‘मायलोमा नाइन’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, त्यात हे औषध घेणारे रुग्ण क्लोड्रोनेट हे जुने औषध घेणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेपाच महिने अधिक जगले. हाडाच्या औषधाने आयुष्य वाढत असेल तर त्याला वरखर्च म्हणणे मला कधीच पटणार नाही. आबांना ती सलाईन क्रिएटिनिन खाली आल्यावर, मात्रा कमी करून सुरू झाली. मूत्रपिंडे फार अशक्त असतील तर डेनोसुमॅब हे रँक-लिगँड अडवणारे इंजेक्शन असते; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७१८ रुग्णांच्या चाचणीत ते झोलेड्रोनिक ॲसिडपेक्षा कमी ठरले नाही. मात्र ते मध्येच सोडले तर मणके नव्याने मोडू शकतात, म्हणून ते परस्पर बंद करू नये.

येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रक्तातले कॅल्शियम नॉर्मलला आल्यावर आणि सलाईन सुरू झाल्यावर डॉक्टरांनी स्वतः आबांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले, कारण या औषधांनी ते उलट खाली जाऊ शकते. काकांनी ती चिठ्ठी नातेवाइकांना दाखवून ‘‘बघा, मी पहिल्यापासून काय सांगत होतो’’ असे म्हटले. गोळी तीच होती, पण रक्तात १३.४ असताना देणे आणि ९ असताना देणे यांत जीव जाण्या-राहण्याचा फरक आहे. त्यांच्या गोळ्यांमुळे आजार झाला असे मी म्हणत नाही, रोजच्या चहातले दूधही बंद करा असे सांगत नाही, आणि मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. तुमच्या वडिलांचे कॅल्शियम आणि क्रिएटिनिन आज किती आहे, यावर सगळे ठरेल, आणि ते आकडे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाहीत.

शेवटी दातांविषयी, कारण हे आम्हाला सांगितले गेले होते आणि तरी आम्ही चुकलो. सलाईन चालू असताना आबांची एक दाढ हलू लागली आणि काकांनी ती गावाकडे काढून आणली. ती जखम सात महिने भरली नाही, जबड्याचे हाड उघडे राहिले आणि सलाईन थांबवावी लागली. हाडांची ही औषधे सुरू होण्याआधी दंतवैद्याकडून सगळे दात तपासून, काढायचे ते काढून, जखम पूर्ण भरू द्या. तुमच्याकडे औषध आधीच सुरू झाले असेल तर दात उपटण्यापूर्वी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा आणि दंतवैद्यालाही औषधाचे नाव लिहून द्या.