जहाज ओढणारे पतंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शिडे असताना जहाजाला पतंग कशासाठी?

उत्तर : पतंग शिडापेक्षा बराच उंच जातो आणि तिथे वारा अधिक जोरदार व स्थिर असतो, हे कारण नेहमी सांगितले जाते; माझ्या मते ते दुय्यम आहे. शीड डोलकाठीला जखडलेले असते, पतंग मात्र आकाशात आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेत फिरवता येतो. अशा वेगाने फिरणाऱ्या पतंगाला जाणवणारा वारा मूळ वाऱ्याच्या कित्येक पट असतो, आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग तिप्पट झाला की ओढ नऊपट होते. शिवाय दोर नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर), डेकजवळच बांधलेला असल्यामुळे उंच शिडाने जहाज कलते तितके ते कलत नाही. ‘बेलुगा स्कायसेल्स’ या मालवाहू जहाजाने २००८ मध्ये असा पतंग लावून अटलांटिक महासागर ओलांडला. अर्थात इंजिन सोबत चालूच होते, पतंगाने केवळ त्याचा भार हलका केला.

प्रश्न : वारा समोरून आला तर?

उत्तर : तर पतंग उतरवून ठेवावा लागतो.

प्रश्न : वाऱ्यावर चालणारी गाडी वाऱ्यापेक्षा वेगाने धावू शकते का?

उत्तर : वारा आडवा असेल तर सहज धावते. पतंगाच्या गाडीची कल्पनाही जुनीच आहे : ब्रिस्टलमधील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. (पथकर घोड्यांवर आकारला जाई आणि या गाडीला घोडेच नव्हते, त्यामुळे तिला कर पडत नसे, असे सांगतात.) मात्र वारा थेट पाठीमागून असताना त्याच्या पुढे जाणे अनेक जाणकारांनाही अशक्य वाटे. २०१० मध्ये ‘ब्लॅकबर्ड’ या गाडीने ते साधले; तिच्यात चाकेच पंखा फिरवतात आणि तो पंखा मागच्या हवेला रेटतो.

प्रश्न : मग सगळ्या जहाजांवर पतंग का दिसत नाहीत?

उत्तर : उडालेला पतंग संगणक सांभाळतो, कठीण असते ते हलत्या डेकवरून त्याला चढवणे आणि वारा पडण्याआधी सुखरूप उतरवणे, कारण ओला झालेला एवढा मोठा पतंग समुद्रातून ओढून काढणे खलाशांना नकोसे असते. म्हणूनच डेकवर कायम उभे राहणारे आणि वाऱ्यात फिरून जहाजाला रेटा देणारे स्तंभ, म्हणजे १९२० च्या दशकात जर्मन अभियंते आंतोन फ्लेटनर यांनी वापरलेले रोटर, जहाजमालकांना अधिक सोयीचे वाटतात.