शेंगा-चटणी सोडायची का?

प्रश्न : वय ३४, राहणार सोलापूर. दोन वर्षांपासून सकाळी तीन-चारदा जावं लागतं. आधी मुरडा येतो, जाऊन आलं की थांबतो. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संवेदनशील आतड्याचा विकार) सांगितलं. घरचे म्हणतात, चटणी-भाकरी बंद कर. सध्या दहीभातावर आहे. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. भाकरी बंद करायचं तर काहीच कारण नाही. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून त्रास मनाचा आहे, असंही कुणाला म्हणू देऊ नका. आयबीएसमध्ये आतड्याला जखम दिसत नाही, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो. नेहमीच्या गॅसचा ताणही कळ होऊन जाणवतो.

आता चटणी. मूठभर शेंगदाणे बहुतेकांना सोसतात. संशय घ्यायचा तो लसणावर. लसणातलं फ्रुक्टन (एका प्रकारची साखर) तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. ते न पचता मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि गॅस धरतो. कांद्यात नि गव्हातही फ्रुक्टन असतं. तूर-हरभऱ्यात याच जातीची दुसरी साखर असते, आणि दह्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. म्हणजे सोसेल म्हणून खाताय तो दहीभातही कदाचित त्रास देत असेल. आतड्यात आंबणाऱ्या अशा सगळ्या साखरांना मिळून फॉडमॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या २०१४ च्या चाचणीत ३० रुग्णांना २१ दिवस कमी फॉडमॅपचं जेवण दिलं, तेव्हा त्यांची पोटफुगी आणि दुखणं कमी झालं.

चार ते सहा आठवडे लसूण, कांदा, गहू, तूर, हरभरा, दूध-दही बंद ठेवा. ज्वारीची भाकरी, भात, गाजर, वांगं, पालक चालेल. मूगडाळ रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून शिजवा आणि अर्धी वाटीच घ्या.

चटणीला लसणाचा वास हवाच ना? फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. दोन चमचे तेलात सोललेल्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर बदामी करा, सगळ्या काढून टाका, त्याच तेलात जिरं परता आणि भाजलेल्या दाण्यांबरोबर कुटा. तिखट निम्मं घाला. मिरचीनं संवेदनशील आतड्यात आग होते, ती वेगळी. हे तेल बाटलीत भरून ठेवू नका, त्यात बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. वरणात पाकळ्या उकळून मग काढल्या तर उपयोग नाही, फ्रुक्टन वरणात उतरलेलं असतं.

पुढचा टप्पा लोक हमखास टाळतात, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा. बंद केलेला एकेक पदार्थ परत सुरू करून बघा. पहिल्या दिवशी पाव पाकळी लसूण, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक. मग तीन दिवस थांबून दुसरा पदार्थ. जे सोसतं ते ताटात परत येऊ द्या. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पूर्वीसारखं जेवा आणि डॉक्टरांशी औषधांबद्दल बोला. शक्य झाल्यास हे सगळं आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा.

प्रश्न : आई ५८ वर्षांची. दोन महिन्यांपासून बद्धकोष्ठ, हिमोग्लोबिन ८. आयबीएस असेल का? इसबगोल द्यावा का?

उत्तर : हे आयबीएस धरून चालू नका. या वयात नव्यानं सुरू झालेला त्रास आणि त्यात रक्त कमी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी याच आठवड्यात ठरवा. शौचातून रक्त, रात्री झोपमोड करणारे जुलाब, उतरणारं वजन किंवा रेंगाळणारा ताप असेल तरीही हेच. टीबी, आतड्याची सूज, कर्करोग आधी नाकारले पाहिजेत. तोवर इसबगोल देऊ नका. आतडं कुठं अरुंद झालं असेल तर तो फुगून तिथंच अडकतो.