तीन पंच, तीन घराणी

प्रश्न : कागदाला भोकं पाडायचा पंच, बॉक्सरचा पंच आणि पार्टीतला फ्रूट पंच, हा एकच इंग्रजी शब्द आहे का? पेयाचा पंच आपल्या 'पाच'वरून आला, असं आमचे सर सांगतात. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : पहिले दोन एकाच घरातले. फ्रेंचमध्ये 'प्वांसाँ' म्हणजे टोकदार हत्यार. त्यामागे लॅटिनमधलं टोचणं आहे. पॉइंट आणि पंक्चरही तिथलेच. टोचण्यावरून ढोसणं आणि ढोसण्यावरून ठोसा.

माझी नोकरी छापखान्यात गेली, त्यामुळे हा पंच मला जवळचा. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, कांडीला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून थंड करत कडक करायचं, आणि ती तांब्यात ठोकायची. तांब्यात उमटलेल्या साच्यात शिशाचा रस ओतला की टाइप तयार. जावजी दादाजींच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याचं देखणं देवनागरी वळण राणोजी रावजी आरू यांनी असे पंच कोरून घडवलं. 'क्ष'च्या पोटातली पोकळी पोलादात कोरायची म्हणजे काय, याचा विचार केला तरी त्या हाताला नमस्कार करावासा वाटतो.

पेयाबद्दल तुमच्या सरांच्या बाजूने भक्कम साक्ष आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनमध्ये छापलं गेलं. गोव्याजवळच्या नेरूळच्या दारूपासून इंग्रज हे पेय करतात आणि पाच जिनसांवरून त्याला हे नाव पडलं, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला, हे ते नेहमीचे पाच. काही कोशकार हा शब्द 'पंचन' नावाच्या पिंपाशी जोडतात. मला फ्रायरचंच पटतं, कारण हा शब्द आधी सापडतो तोही हिंदुस्थानातल्या कंपनीच्या माणसाच्या १६३२च्या पत्रात. पिंपं काय, इंग्लंडात कधीचीच होती.

आणखी एक पंच तुम्ही विचारला नाहीत. इटलीतल्या पुल्चिनेल्ला या विदूषकाचं नाव इंग्रजीत झिजत झिजत 'पंच' झालं. लंडनच्या १८४१च्या विनोदी साप्ताहिकाने तेच घेतलं आणि त्याच्या धर्तीवर मुंबईत 'पारसी पंच', 'हिंदी पंच' निघाले. त्यात निवाडा करणारे आपले पंच शोधू नका. तो कळसूत्री बाहुलीवाला पंच आहे.