थायलंडमधले 'लाल शर्ट' आणि 'पिवळे शर्ट' म्हणजे नेमके कोण?
पिवळा हा सोमवारचा रंग. तेव्हाचे राजे भूमिबोल यांचा जन्म सोमवारचा. म्हणून राजनिष्ठ आणि माजी पंतप्रधान थाकसिन यांच्या विरोधातल्या गटाने तो उचलला. नोव्हेंबर २००८ मध्ये बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ अडवला तो यांनीच. लालवाले थाकसिनना हटवणाऱ्या २००६ च्या लष्करी उठावाविरुद्धचे. बळ मुख्यतः उत्तरेत आणि ईसानच्या (ईशान्य थायलंडच्या) खेड्यांत. २०१० मध्ये बँकॉकच्या राचप्रसोंग चौकात टायर आणि टोकदार बांबू रचून ते ठाण मांडून बसले, १९ मेला लष्कराने उठवलं. त्या आंदोलनात नव्वदहून जास्त माणसं गेली.

हातातल्या, टाळीसारख्या वाजणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्याच्या आकारावरूनही गट कळायचा: पिवळ्यांकडे पंजा, लालवाल्यांकडे पाऊल! (तिकडे पाय दाखवणं म्हणजे अपमानच.)

रंगांवरून आजचं राजकारण मात्र ओळखू नका. २०२३ मध्ये थाकसिनच्या फ्यू थाई पक्षाने लष्करधार्जिण्या पक्षांनाच सोबत घेऊन सरकार बनवलं.