टेक कॉन्फरन्सच्या तिकिटाचे पैसे कट झाले, पण नोंदणी झालीच नाही. पुन्हा पैसे भरू का?

नाही. निदान आज तरी भरू नका.

तुम्ही लिहिलंय की यूपीआयने पैसे भरले, बँकेचा मेसेज आला, पण वेबसाइट नुसती फिरत राहिली आणि परत पहिल्या पानावर गेली. तिकीट नाही, मेल नाही, आणि अर्ली बर्डचा, म्हणजे लवकर नोंदणी करणाऱ्यांसाठीचा सवलतीचा दर परवा संपतोय. अशा वेळी घाईत दुसऱ्यांदा पैसे भरले जातात आणि मग दोन रकमांच्या मागे धावावं लागतं. पुण्यात आम्ही काही प्रोग्रॅमर मंडळी हौसेने कार्यक्रम भरवतो, तिथे नोंदणीचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असतं. त्यामुळे आयोजकाच्या बाजूला काय दिसतं तेही सांगतो.

आधी पैसे नेमके कुठे आहेत ते बघा. बँकेच्या मेसेजवरून ते कळत नाही. यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडा. तिथे फेल किंवा पेंडिंग दिसत असेल तर प्रश्न बँकांच्या पातळीवरचा आहे आणि त्यासाठी नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे, म्हणजे इथे आयोजकाकडे, व्यवहाराची खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तुम्ही तक्रार करण्याची वाट न बघता. ऑनलाइन कार्ड पेमेंटलाही हाच नियम आहे. हे 100 रुपये मागायला लोक उगाच संकोचतात. तुमचा हक्क आहे, मागा.

पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की अ‍ॅपमध्ये ‘सक्सेसफुल’ दिसेल. तसं असेल तर बँकेला फोन करून हाती काही लागणार नाही, कारण बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालाय. पैसे पेमेंट गेटवेकडे, म्हणजे आयोजकासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडे, पोहोचलेत, फक्त ते तुमचे आहेत हे नोंदणीच्या वेबसाइटला कळलेलं नाही.

असं का होतं? मोबाइलवर पैसे भरताना ब्राउझर मागे जातो आणि यूपीआय अ‍ॅप समोर येतं. पिन टाकून तुम्ही परत येईपर्यंत फोनने ते मागचं पान बंद केलेलं असू शकतं, किंवा नेट गेलेलं असतं. चांगल्या बांधलेल्या साइटला याने फरक पडत नाही, कारण गेटवेचा सर्व्हर साइटच्या सर्व्हरला थेट कळवतो की पैसे आले. याला वेबहुक म्हणतात. पण बऱ्याच ठिकाणी हा भाग जोडलेलाच नसतो. ग्राहक परत त्या पानावर आला तरच नोंदणी, असा सगळा कारभार. टी-शर्टचा साइज, जेवण व्हेज की नॉनव्हेज, कंपनीतलं पद, सगळं आधी विचारून घेतात आणि पैसे आल्याचं मात्र नीट टिपत नाहीत. तंत्रज्ञानावर बोलायला लोकांना बोलावणाऱ्यांनी तरी हे करू नये, असं मला मनापासून वाटतं. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तिकिटाचे पैसे म्हणजे महिन्याच्या मेसचे पैसे असतात. ते अडकले की तो कार्यक्रमाला येण्याचाच विचार सोडून देतो.

तेव्हा आयोजकांना आजच मेल करा. त्यात यूपीआयचा 12 आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, तारीख, वेळ, आणि फॉर्ममध्ये जो ईमेल आणि मोबाइल नंबर टाकला होता तोच लिहा. स्क्रीनशॉट जोडा, पण नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. गेटवेच्या यादीत तुमचं पेमेंट शोधायचं तर नंबर कॉपी करता यायला हवा, चित्रातला नंबर बघून बघून टाइप करताना चुका होतात. अर्ली बर्ड संपायच्या आत पैसे भरल्याचं एका ओळीत स्पष्ट लिहा आणि त्याच दराने हाताने नोंदणी करून द्या अशी विनंती करा. आयोजकाला हे करता येतं. यादीत पेमेंट सापडलं की नाव चढवायला पाच मिनिटं पुरतात. कंपनीकडून खर्च परत घेणार असाल तर जीएसटीचं बिलही त्याच मेलमध्ये मागून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: गुगलवर गेटवेचा किंवा बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधू नका, आणि सोशल मीडियावर यूटीआर टाकून तक्रार करू नका. अशा पोस्टवर ‘रिफंड टीम’ म्हणवणारे भामटे टपलेले असतात. पैसे परत घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि कुठलं अ‍ॅपही डाउनलोड करावं लागत नाही. यातलं काहीही कोणी सांगितलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आयोजकांनी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915. चूक बँकेची असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही.

दुसऱ्यांदा पैसे भरायची वेळ आलीच, म्हणजे जागा संपत आल्या आणि आयोजक गप्प, तर आधी त्यांना मेलवर कळवा की पहिली रक्कम परत हवी आहे. मग लॅपटॉपवरून भरा, पडद्यावरचा क्यूआर फोनने स्कॅन करून. तसं केलं की नोंदणीचं पान लॅपटॉपवर उघडंच राहतं.