गोवराचा सहाचा पाढा

प्रश्न : ताई नमस्कार, मी चेंबूरला राहते. माझी भाची मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करतेय, परवा जेवताना सहज म्हणाली की लॅबमध्ये गोवराचा व्हायरस सुट्ट्या जीन्सपासून बनवता येतो, मावशी. माझा घासच अडकला! २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला होता तेव्हा आमच्या ओळखीतली दोन पोरं ॲडमिट होती, ते दिवस आठवले. लस एवढी जुनी नि चांगली आहे म्हणतात, मग हे असले उद्योग कशाला?

उत्तर : मावशी, भाची बरोबर बोललीय, तिला रागावू नका. १९९५ मध्येच झुरिकला मार्टिन बिलेटर यांच्या टीमने डीएनएच्या कॉपीवरून गोवराचा व्हायरस उभा केला होता, पण तो लसीच्याच घराण्यातला, एडमन्स्टन जातीचा, म्हणजे आपण पोरांना टोचतो त्याचा भाऊबंद. आता घास गिळा.

आणि हे काय चहा करण्याइतकं सोपं नाहीये. गोवराचा जीनोम म्हणजे आरएनएची एकच लांब दोरी, १५,८९४ अक्षरांची, आणि ती उलटी लिहिलेली. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात ना, तशी. आपल्या पेशीला उलटं वाचता येत नाही, त्यामुळे नुसती दोरी पेशीत टाकली तर काहीच होत नाही, पडून राहते. म्हणून व्हायरस स्वतःचं कॉपी मशीन बरोबर घेऊन फिरतो : एल नावाचं मोठं प्रोटीन, त्याला धरून ठेवणारं पी, आणि दोरीवर पांघरूण घालणारं एन. लॅबवाल्यांना दोरीबरोबर ही तिन्ही पण पेशीला पुरवावी लागली तेव्हा कुठे गाडी हलली.

आता खरी गंमत सांगते, मला स्वतःला ही फार आवडते. एनचा एक कण दोरीवर बरोबर सहा अक्षरं झाकतो. पाच नाही, सात नाही. लोकलच्या बाकावर तिघं बसलेले असतात आणि चौथा येऊन 'जरा सरका' म्हणतो नि टेकतो, तसलं ॲडजस्टमेंट इथे चालतच नाही, गोवरात चौथी सीट नसते. त्यामुळे पूर्ण जीनोमची लांबी सहाने भागली गेलीच पाहिजे, नाहीतर कॉपी नीट होत नाही. मोबाईल काढा आणि १५,८९४ ला ६ ने भागा, २,६४९ येतात, बाकी शून्य! हा नियम पहिल्यांदा १९९३ मध्ये जिनिव्हात सापडला, तोही गोवरात नाही तर सेंडाई नावाच्या, गोवराच्याच भावकीतल्या व्हायरसमध्ये.

हे असं कळतं कसं, तर मिनीजीनोम करून. दोरीची फक्त दोन टोकं ठेवायची, मधले सगळे सहा जीन्स काढून टाकायचे आणि त्या जागी काजव्याचा उजेड देणारा जीन लावायचा. मशीन चाललं तर पेशी चमकतात, लांबी सहाच्या पाढ्यात बसली नाही तर चमक जवळपास जाते. ह्यात व्हायरसचं कवच नाही, पेशीत शिरायची चावी नाही, त्यामुळे तो बाहेर पडून कोणाला लागायचा प्रश्नच येत नाही. भाचीसारख्या पोरांच्या हातात बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून तुमची भीती मला कळते पण ती जरा चुकीच्या डब्यात चढलीय.

अजून एक. मशीन दोरीच्या एकाच टोकाकडून सुरू होतं आणि प्रत्येक जीनच्या शेवटी थोडी मशीनं गळतात, मग पुढच्या जीनच्या प्रती कमी निघतात. पंगतीत श्रीखंड एका बाजूने वाढत आणलं की शेवटच्या पानाला चमचाभरच येतं ना, तसंच. पहिला एन, त्याच्या भरपूर प्रती. शेवटचा एल, त्याच्या अगदी कमी. आणि व्हायरसला पाहिजे पण तसंच, कारण पांघरूण खूप लागतं, मशीनं थोडी पुरतात. मधल्या पी जीनची तर वेगळीच लबाडी, एका पासवर तिघं प्रवास करतात : पी, सी आणि व्ही. व्ही बनवायला मशीन कॉपी करताना एका ठरलेल्या जागी एक जादा अक्षर घुसवतं, आणि मग व्ही आणि सी मिळून आपल्या शरीराची धोक्याची घंटा दाबून ठेवतात.

'कशाला' हे राहिलंच. फ्लूची लस सारखी बदलावी लागते, गोवराची १९६३ पासून तीच घराणी चालतायत. दोन्ही आरएनए व्हायरस, दोघेही कॉपी करताना चुका करतात, मग हा फरक का? २०१५ मध्ये न्यूयॉर्कला गोवराच्या जीनोममध्ये जागोजागी जादा तुकडे घुसवून पाहिलं, तेव्हा दिसलं की त्याच्या बाहेरच्या प्रोटीनांना असा बदल जवळपास सोसतच नाही, फ्लूच्याला मात्र खपतो. म्हणजे चेहरा बदलायला गेला की गोवर स्वतःच लंगडा होतो. लस का टिकते ते असल्या 'उद्योगां'नीच कळलंय, मावशी.

प्रश्न : सासूबाई म्हणतात गोवर आला की कडुनिंबाचा पाला अंथरायचा आणि शीतळादेवीला जायचं, डॉक्टर नको. त्याच्यावर औषध नाहीच म्हणे? — एक सून, दादर

उत्तर : सासूबाई अर्ध्या बरोबर. थेट गोवराच्या व्हायरसला मारणारं औषध आजही मेडिकलमध्ये मिळत नाही. वर सांगितलं त्या एल मशीनलाच अडवणारी एक गोळी शोधलीय, २०१४ मध्ये गोवराच्या भावकीतल्या कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर फेरेट नावाच्या प्राण्यांत ती चालली, पण माणसांपर्यंत अजून पोचलेली नाही. म्हणून डॉक्टर नको असं मात्र अजिबात नाही हं! व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात, आणि पोर भराभर श्वास घेतंय, पीत नाहीये, गुंगीत आहे असं दिसलं तर सरळ हॉस्पिटल. पाला अंथरा, काही बिघडत नाही. माहीमला देवीला पण सासूबाईंना जाऊ द्या, फक्त पोराला बरोबर नेऊ नका, पुरळ उठल्यावर चार दिवस तो दुसऱ्यांना लागतो आणि पेशंट निघून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. आणि घरात नऊ महिन्यांच्या वरचं दुसरं बाळ असेल तर त्याचं लसीचं कार्ड आजच काढून बघा.