हवामान परिषदेत तरुण प्रतिनिधींचं कुणी ऐकतं का?

ऐकतात, पण निर्णय देशांचेच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत युवकांचा ‘यंगो’ हा मान्यताप्राप्त गट आहे. तो निरीक्षक म्हणून बसतो, निवेदन करतो.

तरी जाण्यात अर्थ आहेच! २०२१ साली ग्लासगोत झालेल्या या परिषदेत तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैची शाळकरी विनिशा उमाशंकर बोलली, नेत्यांच्या पोकळ आश्वासनांचा राग तिनं तोंडावर सांगितला. घराजवळचा इस्त्रीवाला जळके कोळसे कचऱ्यात टाकताना तिनं पाहिलं होतं, त्यातूनच तिला सौर इस्त्रीगाडी सुचली. म्हणून तिच्या शब्दाला वजन आलं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला जायचं असेल तर परस्पर नाव नोंदवता येत नाही. देशाच्या शिष्टमंडळात नसाल तर सहसा मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थेमार्फत जावं लागतं. आधी तशी संस्था गाठा.